रोजच्या जगण्यातला अर्थ आणि ज्यू शिकवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यू म्हटलं की मराठी वाचकाला एकतर इस्राएल आठवतं, नाहीतर हिटलर. या दोन्हींच्या मधे ज्यू माणूस सकाळी उठून काय करतो, जेवायला बसताना काय म्हणतो, हमालाचे पैसे कधी देतो, हे आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही. खाली त्याबद्दलचे नेहमी विचारले जाणारे प्रश्न घेतले आहेत.

ज्यू शिकवण जीवनाचा अर्थ काय सांगते?

एका वाक्यात उत्तर मिळणार नाही. खरं तर हा प्रश्न ती अशा शब्दांत फारसा विचारतच नाही. मिश्ना हा इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेला ज्यू कायद्याचा मूळ ग्रंथ, आणि तालमूद म्हणजे त्यावरची शेकडो वर्षांची चर्चा. एवढा मोठा ग्रंथ कुठून सुरू होतो? जग कुणी निर्माण केलं, आत्मा म्हणजे काय, असलं काहीही सुरुवातीला नाही. पहिला प्रश्न आहे: संध्याकाळची शमा ही प्रार्थना कितीपासून म्हणता येते? पुढे पानंच्या पानं रस्त्यात सापडलेली वस्तू, शिंग मारणारा बैल, मजुरी, स्वयंपाक आणि भांडी यांवर खर्ची पडली आहेत.

माझ्या मते सगळं वेगळेपण इथेच आहे. आधी अर्थ सापडू दे, मग जगायला लाग, असं ही शिकवण म्हणत नाही. पुढची कृती करण्याआधी क्षणभर थांब आणि ती नीट कशी करायची ते बघ, एवढंच सांगते.

म्हणजे वैराग्य, एकांत, उपवास यांना जागा नाही का?

उपवास आहेत. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी तर साधारण पंचवीस तास पाणीसुद्धा घेत नाहीत. पण संसार सोडण्याला मोठेपण नाही. ज्यू धर्मात मठ नाहीत, संन्यासाश्रम नाही. बायबलमध्ये नाझीर म्हणून एक व्रत आहे: द्राक्षारस वर्ज्य, केस कापायचे नाहीत. व्रत पूर्ण झालं की त्या माणसाला पापार्पणाचा बळी द्यावा लागे. त्यानं पाप कोणतं केलं? तालमूदमधले एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हणतात, द्राक्षारस नाकारून स्वतःला छळलं, हेच. जेरुसलेमच्या तालमूदात याच्याही पुढचं एक विधान आहे: डोळ्यांना दिसलेलं, खायला परवानगी असलेलं जे जे आपण खाल्लं नाही, त्याचा हिशेब एक दिवस द्यावा लागेल.

आणि हिल्लेलची गोष्ट. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे मोठे गुरू. धडा संपवून निघाले तेव्हा शिष्यांनी विचारलं, "गुरुजी, कुठे निघालात?" ते म्हणाले, "एक धर्मकृत्य करायला." कोणतं? "आंघोळ." शिष्य चक्रावले. हिल्लेल म्हणाले, राजाचे पुतळे नाट्यगृहात आणि सर्कशीत उभे असतात. ते घासायला-पुसायला माणूस नेमतात, त्याला पगार देतात, मान देतात. मी तर प्रत्यक्ष देवाच्या प्रतिमेत घडवलेला. मग हे शरीर धुणं हे कर्तव्य नाही का? बादली, तांब्या आणि साबण यांच्याबद्दल इतक्या मानानं बोललेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

दिवस कसा सुरू होतो?

डोळे उघडले की अंथरुणातच एक ओळ, 'मोदे अनी'. जीव परत केलास म्हणून आभार. या ओळीत देवाचं नाव नाही आणि त्याला कारण आहे: हात अजून धुतलेले नसतात. मग तांब्यानं आळीपाळीनं दोन्ही हातांवर पाणी.

त्यानंतर येतं ते बहुतेकांना ऐकून हसू येतं. शौचालयातून बाहेर आल्यावर, हात धुऊन म्हणायचा एक आशीर्वाद आहे, 'अशेर यात्झार'. भावार्थ असा: तू माणसाला शहाणपणानं घडवलंस, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या केल्यास, त्यातलं एक जरी फुटलं किंवा एक जरी बंद झालं, तर जगणं अशक्य होईल. तालमूद याचं श्रेय अबाये या बाबिलोनी पंडिताला देतो. हा आशीर्वाद दिवसातून एकदा नाही, प्रत्येक वेळी म्हणायचा. ज्याच्या घरी कुणाला मूतखडा झालाय, कॅथेटर लागलंय, त्याला यातलं हसण्यासारखं काय ते शोधावं लागेल.

खाण्याआधी काय म्हणतात? प्रत्येक पदार्थाला वेगळं?

हो, आणि हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. सुरुवात सगळीकडे सारखी: "बारुख अता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम", म्हणजे हे परमेश्वरा, आमच्या देवा, विश्वाच्या राजा, तू धन्य आहेस. शेवट मात्र ताटात काय आहे त्यावर ठरतो. गव्हाच्या पावाला 'जमिनीतून भाकर काढणारा', झाडाच्या फळाला 'झाडाचं फळ निर्माण करणारा', भाजी किंवा जमिनीतल्या पिकाला 'जमिनीचं फळ निर्माण करणारा', द्राक्षारसाला स्वतंत्र, आणि पाणी, दूध, मासे, मांस अशा उरलेल्या सगळ्याला 'ज्याच्या शब्दानं सारं झालं'. भाताला केक-बिस्किटांसारख्या पदार्थांचा आशीर्वाद लागतो.

आंबा झाडाचा. केळं? ते जमिनीचं. कारण झाड कशाला म्हणायचं याची कसोटी अशी की फळ काढल्यावर फांदी राहायला हवी आणि पुढच्या वर्षी तिलाच पुन्हा फळ यायला हवं. केळीचा घड उतरवला की ते खोड संपलं, हे वसई-जळगावच्या बागाईतदाराला वेगळं सांगायला नको. पपईवर विद्वानांचे वाद आहेत. ओलं खोबरं झाडाचं फळ, पण शहाळ्याचं पाणी इतर पेयांच्या रांगेत.

आता बघा, केळं सोलायला घेतलेल्या माणसाला क्षणभर का होईना, हे कुठून आलं, कसं वाढलं याचा विचार करावाच लागतो. न विचारता तोंडात टाकण्याला तालमूदमध्ये जवळजवळ चोरी म्हटलं आहे: आशीर्वादाशिवाय या जगाचा उपभोग घेणं म्हणजे देवाच्या मालकीच्या वस्तूला हात घालणं.

आशीर्वाद फक्त खाण्यापुरते नाहीत. वीज चमकली, ढग गडगडले, इंद्रधनुष्य दिसलं, फळझाडांना मोहोर आला, मोसमातलं नवं फळ पहिल्यांदा खाल्लं, या सगळ्याला आहेत. समुद्र दिसला तरी आहे, पण अट अशी की मागच्या वेळेनंतर तीस दिवस उलटलेले हवेत. मरीन ड्राइव्हवर रोज फिरणाऱ्याला तो म्हणता येणार नाही. सवयीनं डोळे बोथट होतात हे त्या नियमकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी त्याची चक्क मुदत ठरवली.

रोज शंभर आशीर्वाद म्हणायचे असतात हे खरं का? मग ते यांत्रिक होत नाही?

शंभराचा आकडा खरा आहे, रब्बी मेईर यांच्या नावावर तो तालमूदमध्ये येतो. तिन्ही वेळच्या प्रार्थना आणि जेवणं धरली की आकडा जवळपास भरतो. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, प्रार्थनेतले आशीर्वाद कमी असतात म्हणून सुगंधी वस्तू आणि फळं मुद्दाम घेऊन तो भरून काढतात.

यांत्रिक होतं का? होतं. कोणत्याही सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, सकाळच्या प्रार्थनेला जाऊन बसा, ट्रेन पकडायची असल्यासारखे शब्द पळताना ऐकू येतील. ही तक्रार नवी नाही. प्रार्थना ठोकळेबाज करू नका अशी तंबी मिश्नामध्येच आहे, म्हणजे तेव्हाही लोक ती तशी करत होतेच. यावर ज्यू परंपरेचा तोडगा असा की मन लागलं नाही म्हणून म्हणणं सोडू नये. शंभरातले चार मनापासून झाले तरी ते चार, शंभर म्हटले म्हणूनच झाले. अठराव्या शतकात पूर्व युरोपात हासिदी चळवळ उभी राहिली ती बऱ्याच अंशी याच कोरडेपणाविरुद्ध. तिचे प्रवर्तक बाल शेम तोव (मृत्यू १७६०) यांच्या अनुयायांनी खाणं, पिणं, नाचणं, व्यापार यांतूनही देवाची सेवा होते यावर भर दिला. एक हासिदी सांगत असे की मी गुरूंकडे प्रवचन ऐकायला गेलोच नव्हतो. ते बुटाचे बंद कसे बांधतात आणि सोडतात ते बघायला गेलो होतो.

शब्बाथ म्हणजे नक्की काय? नुसती सुट्टी?

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत. बहुतेक ठिकाणी सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी घरातली बाई दिवे लावते आणि तिथून काम थांबतं. 'काम' म्हणजे श्रम असा समज चुकीचा आहे. मिश्नामध्ये एकोणचाळीस प्रकारची कामं दिली आहेत: नांगरणं, पेरणं, मळणं, भाजणं, विणणं, दोन टाके घालणं, गाठ बांधणं, दोन अक्षरं लिहिणं, दोन अक्षरं खोडणं, आग लावणं, विझवणं. जड टेबल घरातल्या घरात सरकवलं तर चालतं. पेन्सिलीनं दोन अक्षरं लिहिली तर चालत नाही. जिथे माणूस जगात काहीतरी बदल घडवतो, निर्माण करतो, तिथे बंदी. सहा दिवस जगावर हात चालवायचा, सातव्या दिवशी ते आहे तसं राहू द्यायचं.

आपल्याकडे याची आठवण कोकणात आहे. रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली. त्यांच्या परंपरेनुसार नवगावजवळ गलबत फुटलं तेव्हा वाचलेल्या सात पुरुष आणि सात बायकांचे ते वंशज. ग्रंथ गेले, हिब्रू गेलं, जवळजवळ सगळ्या प्रार्थना गेल्या. शमा राहिली, सुंता राहिली, खाण्यापिण्याचे काही नियम राहिले, आणि शनिवार राहिला. पेण, रोहा, किहीम, अष्टमी अशा गावांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर झाले, तरी घाणा शनिवारी फिरला नाही. तेल्यानं आठवड्याचा एक दिवस धंदा बुडवायचा, तोही शेजारचे सगळे चालू असताना, आणि का ते सांगणारं पुस्तक हाताशी नसताना. आपण कोण आहोत याचं उत्तर त्यांच्याकडे एवढंच शिल्लक होतं.

शुक्रवारची तयारीही बघण्यासारखी. शब्बाथचं स्वागत द्राक्षारसाच्या पेल्यावर म्हणायच्या 'किद्दुश'नं होतं. कोकणात द्राक्षाची वाइन कुठून आणायची? मग काळ्या मनुका भिजत घालायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि ते गडद सरबत पेल्यात ओतायचं. द्राक्षाचंच ते, त्यामुळे आशीर्वादही द्राक्षारसाचाच. मुलांपासून आजीपर्यंत सगळे एकेक घोट घेतात.

आजारी माणूस असेल तर? फोन, लाइट, गाडी?

जीव वाचवण्यापुढे शब्बाथ मोडतो, यात दुमत नाही. रुग्णाला दवाखान्यात न्यायचं तर गाडी काढायची, आणि तेव्हा रब्बीला विचारायला जाणाऱ्यालाच दोष देतात. एरवी धर्मनिष्ठ घरांत लाइट आधीच लावून किंवा टायमरवर ठेवतात, फोन बाजूला. उदारमतवादी ज्यू यातलं बरंच पाळत नाहीत.

नोकरी-धंद्याबद्दल काय शिकवण आहे?

भरपूर, आणि अगदी बारीक. तालमूदमधले रावा म्हणतात, मेल्यानंतर न्यायासनापुढे पहिला प्रश्न असतो: व्यवहार प्रामाणिकपणे केलास का? प्रार्थनेचा प्रश्न पहिला नाही, हे लक्षात घ्या. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची, हा बायबलमधला हुकूम: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशात अडकलाय. बाजारभावापेक्षा सहाव्या हिश्श्यानं जास्त घेतले तर जादा रक्कम परत करायची. त्याहून अधिक असेल तर सौदाच रद्द होऊ शकतो.

माझा आवडता नियम याहून साधा आहे. घ्यायचं नसेल तर दुकानदाराला "हे कितीला?" असं विचारू नये. पैसे बुडत नाहीत कुणाचे, पण त्याची आशा उगीच जागवली आणि मोडली. दुकानात चपला पायात घालून बघायच्या, माप कळलं की मोबाइलवर स्वस्तात मागवायच्या, हे आपण सगळे करतो. मिश्ना त्याला फसवणुकीच्याच प्रकरणात बसवते. यात खोटं पकडणारा दुसरा कुणी नसतो, हेतू मनातल्या मनात असतो, म्हणून नियमाला आधार दिला आहे तो देवाच्या धाकाचा.

आणि ही हमालांची गोष्ट. रब्बा बार बार हाना यांच्या हमालांनी द्राक्षारसाचं पिंप फोडलं. भरपाई म्हणून त्यांनी हमालांची पांघरुणं ठेवून घेतली. हमाल राव या न्यायाधीशांकडे गेले. राव म्हणाले, "त्यांचे कपडे देऊन टाक." "हा कायदा आहे?" "हो." कपडे परत मिळाले. मग हमाल म्हणाले, आम्ही गरीब माणसं, दिवसभर राबलो, पोटात भूक आहे, हातात काही नाही. राव म्हणाले, "यांची मजुरी दे." "हासुद्धा कायदा?" "हो." आणि आधाराला बायबलच्या नीतिसूत्रांतला एक श्लोक दिला: तू सज्जनांच्या वाटेनं चालशील, नीतिमानांचा मार्ग सांभाळशील. कायद्याचा काटेकोर अर्थ लावला तर मालकाची बाजू भक्कम होती. पण जाणत्या माणसाला कायद्याच्या रेषेवरच थांबता येत नाही, असा या निकालाचा रोख आहे. शब्बाथ पाळणारे दुकानदार मी पाहिलेत; फुटलेल्या मालावर मजुरी देणारा मालक कुठल्याच धर्मात सहज सापडत नाही.

एखाद्याबद्दल खरं बोललं तरी पाप?

हो. 'लाशोन हारा' म्हणजे कुणाबद्दल त्याची हानी होईल असं बोलणं, आणि ते खरं असलं तरी मनाई आहे. खोटं असेल तर तो आणखी मोठा, वेगळा गुन्हा. तालमूद म्हणतो, अशी जीभ तिघांना मारते: बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि ज्याच्याबद्दल बोललं त्याला. राडिन गावचे रब्बी यिस्राएल मेईर कागान (१८३८–१९३३) यांनी या विषयावर खास ग्रंथ लिहिला. काही अपवाद आहेत: लग्न जुळवताना किंवा भागीदारी करताना समोरच्याचं खरंच नुकसान टळणार असेल, तर सांगायलाच हवं, पण वाढवून नाही आणि द्वेषानं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला ही कसोटी लावली तर दिवसाला 'गुड मॉर्निंग'चे फोटो तेवढे उरतील.

दान किती आणि कसं करावं?

मिळकतीचा दहावा हिस्सा हे नेहमीचं प्रमाण; पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये, नाहीतर देणाराच उद्या मागायला उभा राहील. बाराव्या शतकातले मैमोनिडीस हे पेशानं वैद्य. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खाली कुरकुरत दिलेलं. सगळ्यात वर दान दिसतच नाही: माणसाला काम द्या, कर्ज द्या, भागीदारीत घ्या, म्हणजे त्याला हात पसरावा लागणार नाही.

दुःखाच्या वेळी या शिकवणीचा काही उपयोग होतो?

वाईट बातमीवरही आशीर्वाद आहे: 'धन्य तो खरा न्यायाधीश'. हे म्हणणं सोपं नाही, आणि मला विचाराल तर दर वेळी ते मनापासून म्हणता यावं अशी अपेक्षाही क्रूर वाटते. 'शिवा', म्हणजे जवळचं माणूस गेल्यावर पाळायचा सात दिवसांचा शोक, त्याचे नियम मात्र फार शहाणे आहेत. सात दिवस घरचे जमिनीलगत बसतात. पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं, त्यात बहुतेक अंडी किंवा मसूर. आपल्याकडे मयताच्या घरी शेजारचा डबा जातो, तसंच. भेटायला आलेल्यानं आधी बोलायचं नाही. शोकात असलेला माणूस बोलेपर्यंत गप्प बसायचं. "वय झालंच होतं", "सुटले बिचारे" ही आपली तयार वाक्यं त्या खोलीत तोंडातच राहतात.

बायकांचं स्थान काय?

इथे झाकपाक करण्यात अर्थ नाही. पारंपरिक सकाळच्या प्रार्थनेत पुरुष म्हणतो, "मला बाई केलं नाहीस, तू धन्य आहेस." बायका म्हणतात, "तुझ्या इच्छेप्रमाणे मला घडवलंस." समर्थन असं देतात की पुरुषांवर धर्मकृत्यं जास्त आहेत आणि त्याबद्दलचा तो आनंद आहे. मला ते पटत नाही. सुधारणावादी आणि कन्झर्व्हेटिव्ह पंथांनी ही वाक्यं बदलली. तिथे बायका रब्बीही होतात. ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ, पंथात वाक्य आहे तिथेच आहे.

देवावर विश्वास नसेल तर यातलं काही घेता येईल का? धर्म बदलावा लागतो?

धर्म बदलण्याचा प्रश्नच नाही. ज्यू परंपरेनुसार इतरांवर नोहाचे (बायबलमधल्या जलप्रलयातून वाचलेल्या पुरुषाचे) सात नियम आहेत: खून, चोरी, मूर्तिपूजा, ईश्वरनिंदा, व्यभिचार आणि जिवंत प्राण्याचं मांस तोडून खाणं यांना मनाई, आणि न्यायालयं स्थापणं. मूर्तिपूजेच्या कलमावर आपल्याकडचा वाचक अडखळेल, ते साहजिक आहे. धर्मांतर करू इच्छिणाऱ्याला रब्बी आधी परतच लावतात.

विश्वासाचं म्हणाल, तर सिनाय पर्वताच्या पायथ्याशी, देवाचे नियम स्वीकारताना, लोकांनी दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे: "आम्ही करू आणि ऐकू." करणं आधी. नास्तिक ज्यू शुक्रवारी दिवे लावतात, यात त्यांना विसंगती वाटत नाही. मजुरी संध्याकाळच्या आत द्यायला तर कुठल्याच देवाची गरज नाही.

मलिदा म्हणजे काय? तो ज्यू विधी आहे की कोकणी?

दोन्ही. लग्न, नवं घर, मुलाचा जन्म, फेडलेला नवस असं काही असलं की बेने इस्राएल घरात एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावानं मलिदा होतो. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा. वर फळं आणि गुलाबाची फुलं. प्रार्थना झाली की आशीर्वाद म्हणत ताट वाटतात, झाडाचं फळ वेगळं, जमिनीचं वेगळं, सुवास वेगळा. जगात इतर कुठल्याही ज्यूंकडे हा विधी असा नाही. इस्राएलमध्ये दिमोना, अशदोद, लोद इथे स्थायिक झालेल्या मराठी ज्यूंनी तो तिकडेही चालू ठेवलाय. सणांची नावंही अशीच घरची: रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, हा नव्याचा सण, योम किप्पूर हा दारफाळणीचा सण, आणि जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकदिनी वालाचं बिरडं म्हणून तो बिरड्याचा सण.

हे सगळं मराठीत वाचायला मिळतं का?

जुनं साहित्य आहे. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकियल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायचा हागादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापला गेला. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत बायका साड्या नेसून माझ्झा, म्हणजे बेखमीर भाकरी, करताना दिसतात. बेने इस्राएलांनी बायबलच्या कथांवर मराठी कीर्तनंही रचली.

सिनेगॉग बघायला जाता येतं का?

बहुतेक ठिकाणी येतं, पण आधी विचारून. मुंबईत मांडवीचं शार हारहमीम (१७९६) हे बेने इस्राएलांचं सगळ्यात जुनं. भायखळ्याचं मागेन डेव्हिड आणि फोर्टमधलं केनेसेथ एलियाहू (१८८४) ही इराककडून आलेल्या बगदादी ज्यूंची. पुण्यातलं ओहेल डेव्हिड लाल देऊळ म्हणून रिक्षावाल्यालाही माहीत असतं. ठाणे, अलिबाग, पेण इथेही सिनेगॉग आहेत. सुरक्षा कडक असते, ओळखपत्र जवळ ठेवा. पुरुषांनी डोकं झाकायचं. टोपी नसेल तर बरेचदा दारातच मिळते. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी गेलात तर फोटो काढू नका, वहीत काही टिपूही नका, आणि फोन बाहेर पडेपर्यंत बंदच ठेवा.